पाणी जहाजाला किती धरून ठेवतं?

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्की नावाचं गाव आहे. दीडशे वर्षांपूर्वी तिथे विल्यम फ्राउड नावाचा, साठी ओलांडलेला एक इंजिनिअर राहत होता. तरुणपणी त्याने ब्रुनेल या नामांकित इंजिनिअरच्या हाताखाली रेल्वेचं काम केलं होतं. पुढे त्याला जहाजांचा ध्यास लागला. घराजवळच त्याने एक लांबलचक हौद बांधून घेतला: २७८ फूट लांब, ३६ फूट रुंद, १० फूट खोल, आणि वर छप्पर. खर्चासाठी ब्रिटिश नौदलाने २,००० पौंड दिले. हौदावरून रूळ टाकले होते, रुळांवर एक गाडी होती आणि ती दोराने ओढायला वाफेचं इंजिन होतं. १८७२ साली या हौदात त्याने जी पहिली मोठी कामं हातात घेतली, त्यांत एक काम होतं फळ्या ओढण्याचं. साध्या, सपाट, पातळ लाकडी फळ्या.

नौदलाच्या पैशाने बांधलेल्या हौदात जहाज सोडून फळ्या कशासाठी, असं तुम्ही विचाराल. ते आधी समजून घेऊ.

जहाज चालतं तेव्हा पाणी त्याला दोन प्रकारे अडवतं. एक म्हणजे लाटा. जहाज पुढे सरकताना नाळेपाशी आणि मागे लाटा उठवतं, आणि त्या लाटांना लागणारी शक्ती इंजिनाच्याच खात्यातून जाते. दुसरा विरोध डोळ्यांना दिसत नाही: जहाजाच्या बुडालेल्या अंगाला पाणी घासत जातं, त्याचं घर्षण. फ्राउडला छोट्या मेणाच्या नमुन्यावरून खऱ्या जहाजाचा विरोध काढायचा होता. लाटांचा नियम त्याला सापडला होता. नमुना लहान केला तर वेग त्या प्रमाणात किती कमी करायचा म्हणजे लाटा हुबेहूब तशाच उठतील, हे त्याने शोधून काढलं. पण घर्षण हा नियम पाळत नाही. लहान नमुन्याचं घर्षण नुसतं गुणून मोठ्या जहाजाचं घर्षण मिळत नाही. म्हणून त्याने ठरवलं की घर्षणाचा हिशेब वेगळाच ठेवायचा. नमुन्याच्या एकूण विरोधातून घर्षण वजा करायचं, उरलेला लाटांचा विरोध नियमाने मोठा करायचा, आणि मग त्यात जहाजाचं घर्षण मिळवायचं. एवढ्यासाठी घर्षण एकट्याने मोजायला हवं. लाटाच उठवणार नाही अशी वस्तू कोणती? पाण्यात काठावर उभी धरलेली पातळ फळी.

त्याच्या फळ्या १९ इंच उंच आणि इंचाच्या तीन-षोडशांश जाडीच्या होत्या. लांबी मात्र २ फुटांपासून ५० फुटांपर्यंत. कुणावर व्हार्निश, कुणावर मेण, कुणावर कथलाचा पातळ पत्रा, कुणावर मांजरपाटासारखं सुती कापड चिकटवलेलं, कुणावर बारीक, मध्यम आणि जाड वाळू. प्रत्येक फळी ठरावीक वेगाने ओढायची आणि किती जोर लागला तो यंत्राने कागदावर उमटवायचा. असं काम करायला चिकाटी लागते, आणि ती फ्राउडपाशी भरपूर होती.

आता त्याला काय दिसलं ते ऐका. मिनिटाला ६०० फूट, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ मीटर वेगाने व्हार्निशची २ फुटी फळी ओढली, तेव्हा दर चौरस फुटाला ०.४१ पौंड जोर लागला. ८ फुटी फळीला ०.३२५. २० फुटी फळीला ०.२७८. आणि ५० फुटी फळीला ०.२५०. लाकूड तेच, व्हार्निश तेच, पाणी तेच, वेग तोच. तरी फळी जितकी लांब, तितकं तिच्या दर चौरस फुटावरचं घर्षण कमी!

फ्राउडने याचं कारणही नेमकं ओळखलं. फळीचं पुढचं टोक शांत पाण्यात घुसतं, म्हणून तिथे घर्षण जास्त. पण घासता घासता ते टोक जवळच्या पाण्याला आपल्याबरोबर ओढू लागतं. मागचा भाग पोहोचतो तेव्हा त्याला भेटणारं पाणी आधीच थोडं पुढे निघालेलं असतं. दोघांच्या वेगातला फरक कमी, म्हणून घर्षणही कमी. फळीच्या कडेने हे ओढलेलं पाणी मागे मागे जाड होत जातं.

या ओढलेल्या पाण्याला आज आपण सीमास्तर म्हणतो. फ्राउडने त्याचा परिणाम मोजला, पण त्याच्या आत काय चालतं याचं गणित मांडायला आणखी तीस वर्षं जावी लागली. १९०४ साली ऑगस्ट महिन्यात जर्मनीतल्या हायडेलबर्गला गणितज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. लुडविग प्रान्टल नावाचा एकोणतीस वर्षांचा प्राध्यापक तिथे दहा मिनिटं बोलला. त्याचं म्हणणं असं: द्रव किंवा वायू कितीही जोरात वाहत असला, तरी पृष्ठभागाला अगदी खेटून असलेला त्याचा थर पृष्ठभागालाच चिकटलेला असतो. तिथे घसरणं नाहीच. घरातला पंखा वर्षभर गरगरतो, तरी त्याच्या पात्यांवर धूळ साचते ती यामुळे. पात्याला लागून असलेली हवा पात्याबरोबरच फिरते, म्हणून ती धूळ उडवून नेऊ शकत नाही. पृष्ठभागावर सापेक्ष वेग शून्य, आणि थोडं दूर गेलं की पूर्ण वेग. हा सगळा बदल एका पातळ पट्ट्यात होतो, आणि घर्षण जन्माला येतं ते त्याच पट्ट्यात. विज्ञानाच्या इतिहासात दहा मिनिटांचं इतकं फळ देणारं भाषण मला दुसरं माहीत नाही.

या पट्ट्यात पाणी दोन तऱ्हांनी वाहतं. ऑस्बर्न रेनॉल्ड्स याने १८८३ साली मँचेस्टरला काचेच्या नळीत रंगाची धार सोडून ते दाखवलं. वेग कमी असताना रंगाची रेघ सरळ, न मोडता जात होती. वेग वाढवल्यावर एका ठिकाणी ती फुटली आणि सगळं पाणी रंगीत झालं. पहिला प्रवाह स्तरीय, दुसरा प्रक्षुब्ध, म्हणजे खळबळता. कोणता प्रवाह मिळेल हे एका आकड्यावर ठरतं: वेग गुणिले लांबी, भागिले पाण्याचा चिकटपणा. त्याला रेनॉल्ड्स अंक म्हणतात. सपाट फळीवर हा अंक पाच लाखांच्या पुढे गेला की साधारणपणे शिस्त मोडायला लागते. पाणी फारच शांत असेल तर ती तीसेक लाखांपर्यंत तग धरते.

दोन प्रवाहांत घर्षणाचा फरक इतका का पडतो? पंगत डोळ्यांसमोर आणा. भाताचं पातेलं एका टोकाला आहे आणि प्रत्येक जण शेजाऱ्याला चमचाचमचा भात पुढे देतो आहे. दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत किती पोहोचेल? स्तरीय प्रवाहात वेगवान पाणी आपला वेग असा थराथराने शेजाऱ्याला देतं. प्रक्षुब्ध प्रवाहात मात्र वाढपी उठतात. दूरच्या वेगवान पाण्याचे गोळेच्या गोळे भोवऱ्यांवर स्वार होऊन थेट पृष्ठभागापर्यंत धावतात, आणि तिथलं मंद पाणी वर उसळतं. पृष्ठभागाशी वेगाचा पुरवठा अखंड चालू राहतो, म्हणून तिथलं घर्षण कैक पटींनी वाढतं.

स्तरीय प्रवाहाचं गणित प्रान्टलचा विद्यार्थी ब्लाझियस याने १९०८ साली पुरं केलं. १.३२८ ला रेनॉल्ड्स अंकाच्या वर्गमुळाने भागा, झाला घर्षणाचा गुणांक, म्हणजे घर्षणाच्या हिशेबात ज्याने गुणायचं तो आकडा. न्यूटनच्या नियमांपासून निघून शेवटपर्यंत कागद-पेन्सिलीने मिळालेलं स्वच्छ उत्तर. प्रक्षुब्ध प्रवाहासाठी असं उत्तर अजून कुणालाही मिळालेलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्या अडचणीतून काढलेल्या वाटांबद्दल आहे.

पहिली वाट १९२१ साली निघाली. प्रान्टल आणि त्याचाच एकेकाळचा विद्यार्थी थिओडोर फॉन कारमान यांना एक युक्ती सुचली. नळ्यांमधलं प्रक्षुब्ध घर्षण प्रयोगांनी चांगलं मोजलेलं होतं, आणि भिंतीलगतच्या पाण्याला आपण नळीत आहोत की सपाट फळीवर, हे कळण्याचं कारण नाही. म्हणून नळीतले आकडे फळीवर आणता येतात. दुसरी युक्ती हिशेबाची. भोवऱ्यांचा गुंता सोडवत बसायचंच नाही; फळीच्या मागे पाण्याचा संवेग किती कमी झाला एवढंच मोजायचं. जेवढा संवेग हरवला तेवढंच घर्षण. यातून निघालं की गुणांक म्हणजे ०.०७४ भागिले रेनॉल्ड्स अंकाचं पाचवं मूळ. फळ्यांसाठी आणि लहान नमुन्यांसाठी हे सूत्र छान चालतं. मोठ्या जहाजांवर ते उणं पडतं.

दुसरी वाट १९३० च्या सुमारास कारमान आणि प्रान्टल यांनी जवळपास एकाच वेळी, एकमेकांशी चढाओढीत काढली. भिंतीपासून दूर जाताना पाण्याचा वेग लॉगॅरिदमच्या नियमाने वाढतो, असं त्यांनी दाखवलं. अंतर दसपट झालं की वेगात दर वेळी ठरावीक तेवढीच भर पडते. हवा असो, पाणी असो, तेल असो, नियम तोच. मला निसर्गातलं हे मोठं आश्चर्य वाटतं. आत भोवऱ्यांचा एवढा गोंधळ, एक क्षण दुसऱ्यासारखा नाही, आणि सरासरी काढली की इतकी सुबक रेघ! त्या रेघेचा उतार ठरवणारा आकडा सुमारे ०.४ आहे. तो मोजूनच मिळतो, सिद्ध करता येत नाही. आणि तो नेमका किती यावर संशोधक आजही वाद घालतात.

या नियमावर उभी राहिलेली सूत्रं बरीच आहेत. त्यातलं सगळ्यात सोपं १९५७ साली माद्रिदला ठरलं. जगभरच्या नौका-चाचणी हौदांची माणसं तिथे जमली होती आणि प्रत्येक देश वेगळ्या सूत्राने हिशेब करत होता. त्यांनी एक सूत्र सर्वांसाठी पक्कं केलं: रेनॉल्ड्स अंकाचा १० च्या पायावरचा लॉग घ्या, त्यातून २ वजा करा, वर्ग करा, आणि त्याने ०.०७५ ला भागा. नमुना आणि जहाज यांचा मेळ घालणारी रेघ, एवढंच नाव त्यांनी त्याला दिलं. निसर्गाचा अंतिम नियम सापडल्याचा दावा केला नाही, हे मला फार आवडतं.

हे सूत्र फ्राउडच्या फळ्यांना लावून बघू. २ फुटी फळीसाठी उत्तर येतं ०.४१ आणि ०.४२ पौंडांच्या दरम्यान. फ्राउडने मोजलं होतं ०.४१. ५० फुटी फळीला सूत्र म्हणतं सुमारे ०.२३; त्याने मोजलं होतं ०.२५. मध्ये ऐंशीहून जास्त वर्षं गेली आणि वाफेच्या इंजिनाने ओढलेल्या त्या फळ्या अजून खरं बोलत आहेत.

आता मोठं गणित. एक मालवाहू जहाज घ्या, २०० मीटर लांब, सेकंदाला ८ मीटर वेगाने जाणारं. त्याचं बुडालेलं अंग १०,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ अडीच एकर. जहाजाचं पोट गोल असतं, मग सपाट फळीचा हिशेब कसा चालेल? चालतो, कारण २०० मीटर प्रवास करूनही सीमास्तर मागच्या टोकाशी एक-दीड मीटरच जाड होतो. जहाजाच्या वळणापुढे तो इतका पातळ आहे की त्याला सगळं सपाटच. वळणाची भरपाई म्हणून इंजिनिअर थोडी वाढ धरतात, पण पाया फळीचाच.

समुद्राच्या थंड पाण्यात या जहाजाचा रेनॉल्ड्स अंक येतो सुमारे १३५ कोटी. लॉग ९.१३, त्यातून २ गेले ७.१३, वर्ग जवळपास ५०.८. गुणांक ०.००१४८. आता पाण्याच्या घनतेचा निम्मा, गुणिले वेगाचा वर्ग, गुणिले क्षेत्रफळ, गुणिले हा गुणांक. उत्तर सुमारे ४ लाख ८५ हजार न्यूटन, म्हणजे ४९ टन वजनाएवढी ओढ! ती तोडून पुढे जायला सुमारे ३,९०० किलोवॅट शक्ती नुसत्या घर्षणावर खर्च होते. मंद चालणाऱ्या मोठ्या जहाजांत एकूण विरोधाचा बहुतांश भाग हाच असतो.

हाच प्रवाह शेवटपर्यंत स्तरीय राहिला असता तर? ब्लाझियसच्या सूत्राने ओढ भरते सव्वा टनाच्या आत, म्हणजे चाळिसाव्या हिश्शापेक्षाही कमी. पण या वेगाला पहिल्या हातभर अंतरातच शिस्त मोडते, आणि पुढचे जवळजवळ २०० मीटर खळबळच असते. १९२१ चं पाचव्या मुळाचं सूत्र लावलं तर उत्तर पाव हिश्शाने कमी येतं. तेवढ्या कमी शक्तीचं इंजिन बसवलं तर जहाज ठरलेला वेग गाठणार नाही. लॉगच्या नियमाची गरज इथे कळते.

आणखी एक थर सांगायचा राहिला, आणि तो मला सगळ्यात अद्भुत वाटतो. भोवरे कितीही माजले तरी पृष्ठभागाला अगदी टेकून ते राहू शकत नाहीत. तिथे चिकटपणाच राज्य करतो. आपल्या जहाजावर हा थर किती जाड? साधारण ०.०३ मिलिमीटर. माणसाच्या केसाच्या निम्म्याहून कमी. अडीच एकरांवर पसरलेली एवढीशी साय! पृष्ठभागाचे खडबडीत कण या सायीत बुडालेले असले तर पाण्याला ते जाणवत नाहीत. ते वर डोकावले की प्रत्येक कण स्वतः पाणी अडवू लागतो. फ्राउडच्या मध्यम वाळूच्या ५० फुटी फळीवर ०.४८८ पौंड जोर लागला, व्हार्निशच्या जवळजवळ दुप्पट. व्हार्निशच्या लांब फळीचा वेग दुप्पट केला तर घर्षण साडेतीन पटींच्या आसपास वाढे. वाळूच्या फळीचं पुरतं चौपट. १९३३ साली गटिंगेनच्या निकुराड्झे याने नळ्यांच्या आत वाळू चिकटवून हा फरक बारकाईने उलगडला.

म्हणूनच जहाजाच्या तळाला शेवाळ आणि बार्नॅकल हे चिवट कवचधारी जीव चिकटले की इंधन धडाधड जळतं. आपल्या कोकणात नाखवे पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात, तळ खरवडतात, डागडुजी करून रंग देतात. त्या खरवडण्यामागे हेच भौतिकशास्त्र आहे.

या कथेत आपलाही एक माणूस आहे. इतका वेळ आपण पूर्ण फळीचं घर्षण बोललो. पण फळीवरच्या एका नेमक्या जागी घर्षण किती, हे थेट कसं मोजायचं? बहुतेक जण ते आडमार्गाने, वेग मोजून काढत. अमेरिकेत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत हान्स लीपमान यांच्या हाताखाली एका भारतीय तरुणाने ते थेट मोजायचं ठरवलं. १९२० साली श्रीनगरला जन्मलेला, लाहोरच्या पंजाब विद्यापीठातून गणित-भौतिकशास्त्र, इंग्रजी साहित्य आणि मेकॅनिकल इंजिनिअरिंग अशा तीन पदव्या घेतलेला हा तरुण. त्याने सपाट पाटाचा एक छोटा तुकडा मोकळा केला, भोवती बारीक फट ठेवली आणि तो अगदी हलक्या आधारावर बसवला. वरून हवा वाहिली की तुकडा किंचित सरके, आणि ते सरकणं विजेच्या साधनाने मोजलं जाई. फट जास्त झाली तर हवा आत शिरून मोजमाप बिघडणार, कमी झाली तर तुकडा कडेला घासणार. अशा नाजूक साधनाने त्याने आवाजाहून कमी आणि जास्त, दोन्ही वेगांना घर्षण मोजलं. १९५१ साली त्याला डॉक्टरेट मिळाली, आणि १९५३ साली अमेरिकेच्या विमानविद्या समितीने ते काम अहवाल म्हणून छापलं.

हा तरुण म्हणजे सतीश धवन. पुढे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक, १९७२ ते १९८४ इस्रोचे अध्यक्ष. श्रीहरिकोट्याच्या अंतराळ केंद्राला त्यांचं नाव आहे. रॉकेटवाले धवन सगळ्यांना माहीत असतात. घर्षण मोजणारे धवनही तितकेच माहीत व्हावेत असं मला मनापासून वाटतं. बेंगळुरूला त्यांनी रोद्दम नरसिंह या विद्यार्थ्याबरोबर सपाट पाटावर शिस्त नेमकी कशी मोडते याचा शोध घेतला. खळबळीचे ठिपके एका अरुंद पट्ट्यात उमटतात, वाहत वाहत पसरतात आणि शेवटी एकमेकांत मिसळतात, या कल्पनेवर त्यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेलं गणित आजही वापरात आहे.

आता तुमची पाळी. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचसारखी एक लाँच धरा: लांबी २० मीटर, वेग सेकंदाला ५ मीटर. आपल्या कोमट अरबी समुद्रासाठी लांबी आणि वेग यांच्या गुणाकाराला ११ लाखांनी गुणा, रेनॉल्ड्स अंक मिळेल. मोबाइलच्या गणनयंत्रात लॉगचं बटण असतं. ते दाबा, २ वजा करा, वर्ग करा, ०.०७५ ला त्याने भागा. आलेल्या गुणांकाला वेगाच्या वर्गाने आणि समुद्राच्या पाण्यासाठी ५१२ ने गुणलं की दर चौरस मीटरवरचं घर्षण न्यूटनमध्ये मिळतं. गुळगुळीत तळासाठी उत्तर २६ न्यूटनच्या आसपास, म्हणजे सुमारे पावणेतीन किलो वजनाएवढं यायला हवं. मग वेग दुप्पट करून पुन्हा गणित करा, आणि किती पट झालं ते मला सांगा.